रोबोटच्या साहाय्याने गर्भाशयाची शस्त्रक्रिया : होकार देण्याआधी आणि दिल्यानंतर

“अक्का, पिशवी काढायची तर काढू दे, पण बायकोला यंत्राच्या हातात द्यायचं व्हय?” तासगावजवळ द्राक्षबाग असलेल्या माझ्या धाकट्या भावाने पुण्यातील एका रुग्णालयाच्या पायऱ्यांवरून मला केलेला हा फोन. भावजयीच्या गर्भाशयात चार गाठी होत्या, त्यांतली सर्वांत मोठी नऊ सेंटिमीटरची. पाळी दहा-बारा दिवस लांबत होती, हिमोग्लोबिन सातवर उतरले होते आणि विरळणीच्या दिवसांत तिला बागेत उभे राहवत नव्हते. आधीची दोन सिझेरियन असल्यामुळे आत चिकटलेले असणार, असे सांगून तिथल्या सर्जननी रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली होती. माझी नोकरीची सगळी वर्षे मिरजेत शस्त्रक्रियागृहातील परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे घरातल्या प्रत्येक दुखण्याचा फोन माझ्याकडेच येतो. त्या दिवसापासून भावजय पुन्हा बागेत जाईपर्यंत आम्ही काय विचारले, काय तयार ठेवले आणि कुठे चुकलो, ते असाच सल्ला मिळालेल्या सांगली-साताऱ्याकडील बायकांसाठी लिहीत आहे.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन रुग्णाशेजारी उभे राहून लांब, सरळ अवजारे हातात धरतात. रोबोटिक शस्त्रक्रियेत तीच अवजारे यंत्राचे तीन-चार हात धरतात आणि सर्जन त्याच खोलीत थोड्या अंतरावर एका कन्सोलपाशी, म्हणजे यंत्र चालवायच्या पडद्यापाशी, बसून बोटांनी आणि पायांनी ते हात चालवतात. पोटातील चित्र मोठे आणि खोली दाखवणारे दिसते, अवजाराचे टोक मनगटासारखे वळते आणि हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकते. त्यामुळे अरुंद ओटीपोटात खोलवर टाके घालणे सोपे जाते, आणि या यंत्राचा खरा फायदा तोच आहे. उणीवही सांगायला हवी. बहुतेक यंत्रांत सर्जनला ऊतीचा स्पर्श जाणवत नाही. धागा किती ताणला गेला, हे डोळ्यांनीच ओळखावे लागते.

भावाचा दुसरा प्रश्न होता, “मधेच बंद पडलं तर?” सर्जनने त्या पडद्यापासून डोके बाजूला घेतले की यंत्राचे हात आहेत तिथेच थबकतात. रुग्णाशेजारी दुसरे डॉक्टर आणि परिचारिका हात धुऊन सज्ज उभ्या असतात, आणि गरज पडली तर हात सोडवून पुढची शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीने किंवा पोट उघडून पूर्ण करतात. संमतिपत्रावर “आवश्यकता भासल्यास पोट उघडून” असे वाक्य असते ते यासाठीच. ते वाचून घाबरू नये, पण न वाचता सहीही करू नये.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘दा विंची’ या यंत्राला स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी २००५ मध्ये परवानगी दिली. आता भारतात तयार झालेले ‘मंत्रा’ हे यंत्रही काही रुग्णालयांत आहे. कोणत्या कंपनीचे यंत्र आहे, यावर रुग्णाने फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. ते चालवणारे हात कोणाचे, हे विचारावे.

पहिला प्रश्न यंत्राचा नव्हे

आपल्याकडे बायका अंगावर काढतात आणि मग एक दिवस “पिशवीच काढून टाका” म्हणतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या, ऐन तिशीत काढलेल्या गर्भाशयांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावे लागले. म्हणून रोबोट की दुर्बीण, या वादात पडण्याआधी शस्त्रक्रिया खरोखर लागते का, हे स्वच्छ करून घ्यावे, आणि शक्य असेल तर दुसऱ्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना फाइल दाखवावी. मिरज हे गाव विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केल्यापासून दवाखान्यांचे गाव आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथे आहे. साताऱ्याकडच्यांना कराड जवळ पडते. दुसरा सल्ला घ्यायला पुणे-मुंबई गाठावीच लागते असे नाही.

रक्तस्राव जास्त होत असेल तर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची, हळूहळू संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू आहे, काही ठिकाणी गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची सोय आहे. गाठ आहे पण त्रास नाही, आणि पाळी जायचे वय जवळ आले आहे, अशा वेळी नुसते लक्ष ठेवणे हाही उपचारच असतो. चाळिशीनंतर अनियमित रक्तस्राव असेल तर गर्भाशयाच्या आतील अस्तराचा तुकडा आधी तपासायला गेला आहे ना, आणि गर्भाशयमुखाची पॅप तपासणी झाली आहे ना, हे जरूर पाहावे. कारण आत कर्करोग असेल तर शस्त्रक्रियेची सगळी आखणी बदलते, आणि हे नंतर कळून उपयोग नसतो.

बीजांडकोशांचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. “पिशवी काढताना तेही काढू” असे पुष्कळदा सहज म्हटले जाते. पण पाळी चालू असलेल्या बाईचे दोन्ही बीजांडकोश काढले की रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, आणि त्याचा भार हाडांवर व हृदयावर पडतो. गर्भनलिका काढण्याची गोष्ट वेगळी आहे. त्या काढल्याने पुढे बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, म्हणून गर्भाशय काढताना त्या काढण्याचा सल्ला हल्ली देतात. भावजय त्रेचाळीस वर्षांची. तिचे बीजांडकोश ठेवायचे आणि नलिका काढायच्या, असे आम्ही आधीच ठरवून संमतिपत्रावर लिहून घेतले.

रोबोट कुठे कामाचा, कुठे नाही

गर्भाशय काढण्याच्या चार वाटा आहेत : योनिमार्गातून, म्हणजे ज्याला आपल्याकडे बिनटाक्याचे ऑपरेशन म्हणतात ते, पोट उघडून, दुर्बिणीतून, आणि रोबोटने. अंग बाहेर येत असेल किंवा गर्भाशय लहान व सुटे असेल, तर अनुभवी हाताने केलेले बिनटाक्याचे ऑपरेशन स्वस्त आणि उत्तम असते. तिथे रोबोटने रुग्णाच्या पदरात फारसे काही जास्त पडत नाही, असे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. अमेरिकेत साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, आजारांसाठी गर्भाशय काढलेल्या २ लाख ६४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुंतागुंतीचे प्रमाण रोबोटमध्ये ५.५ टक्के आणि दुर्बिणीत ५.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. खर्च मात्र रोबोटचा दरडोई २,१८९ डॉलरने जास्त होता.

जिथे काम अवघड असते तिथे हा हिशेब बदलतो. गर्भाशय ठेवून अनेक गाठी काढायच्या आणि स्नायूंचे थर एकावर एक शिवायचे, एंडोमेट्रिओसिसमुळे (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या आजारामुळे) आतडे आणि गर्भाशय एकमेकांना चिकटलेले सोडवायचे, फार स्थूल बाईच्या गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करायची, किंवा योनीचा वरचा भाग जाळीने माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधायचा, अशा ठिकाणी मनगटासारखे वळणारे अवजार पोट उघडण्याची वेळ टाळू शकते. मूल हवे असलेल्या तरुण बाईने गाठी काढून घेतल्या असतील, तर गर्भधारणेआधी किती महिने थांबायचे आणि पुढचे बाळंतपण सिझेरियननेच करावे लागेल का, हे सर्जनकडून लेखी घ्यावे. आत टाके किती खोल घातले गेले, त्यावर ते अवलंबून असते.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी गर्भाशय आणि भोवतालची ऊती काढण्याची जी मोठी शस्त्रक्रिया करतात, तिच्यावर ६३१ स्त्रियांची एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षांनंतर आजार न उलटलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, तर छोट्या छिद्रांतून केलेल्या गटात ८६ टक्के. या दुसऱ्या गटात बहुतेक दुर्बिणीच्या आणि काही रोबोटच्या शस्त्रक्रिया होत्या. छोटी जखम म्हणजे चांगले उपचार, हे समीकरण इथे साफ चुकले. या आजारासाठी कोणी रोबोट सुचवला, तर या चाचणीचा विषय आपण स्वतः काढावा आणि उत्तर ऐकावे.

गाठीचे गर्भाशय मोठे असेल तर ते बाहेर कसे काढणार, हेही विचारावे. योनिमार्गातून येण्याइतके ते लहान नसेल, तर तुकडे करावे लागतात. गाठ समजून तुकडे केले आणि आत कर्करोग निघाला, तर तो पोटभर पसरतो. याच कारणाने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तुकडे करणाऱ्या यंत्राविरुद्ध इशारा दिला होता. तुकडे पोटातच, पण एका बंद पिशवीत केले जातील का, हा प्रश्न मी भावजयीच्या सर्जनना विचारला. त्यांनी ती पिशवी आणवून आम्हाला दाखवली. माझा विश्वास तिथे बसला.

सर्जनना आणि बिलाच्या खिडकीवर काय विचारावे

हीच शस्त्रक्रिया रोबोटने तुम्ही स्वतः किती केल्या आहेत, त्यांतील किती वेळा पोट उघडावे लागले, आणि रोबोट नसता तर माझ्यासाठी कोणती वाट निवडली असती, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसऱ्याचे उत्तर नीट ऐकावे. “दुर्बिणीतूनही झाले असते” असे प्रामाणिकपणे सांगणारे डॉक्टर भेटले, तर निवड पैशांची आणि सोयीची उरते आणि निर्णय हलका होतो.

पैशांच्या बाबतीत आम्ही चुकलो, ते सविस्तर सांगते. रोबोटची अवजारे ठरावीक शस्त्रक्रियांपुरतीच वापरता येतात, मग यंत्रच ती घेत नाही. म्हणून बिलात त्यांची स्वतंत्र रक्कम येते. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर विमा कंपन्यांना रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही, परंतु तिच्यावर वेगळी कमाल मर्यादा घालता येते. भावाच्या पॉलिसीत ती मर्यादा आतल्या पानावर होती. आम्ही फक्त एकूण विमारक्कम पाहिली होती. घरी सोडण्याच्या दिवशी दुपारी मंजुरीचा आकडा आला तेव्हा मोठी तफावत निघाली आणि भावाला बेदाण्याच्या व्यापाऱ्याला फोन करून संध्याकाळपर्यंत पैसे मागवावे लागले, तोवर भावजय कपडे बदलून खाटेवर बसून राहिली. तेव्हा भरती होण्याआधीच पॉलिसीत ‘रोबोटिक’ हा शब्द शोधावा, गाठी आणि गर्भाशय यांसाठी प्रतीक्षा कालावधी आहे का ते पाहावे, आणि रुग्णालयाकडून रोबोट, अवजारे, भूल व खोली असा फोड करून लेखी अंदाज घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर ते रुग्णालय योजनेत आहे का आणि या आजाराच्या पॅकेजमध्ये कोणती शस्त्रक्रिया बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. “रोबोटचे वरचे पैसे भरा” असे कोणी तोंडी सांगितले, तर ते लेखी मागावे.

तारीख ठरल्यावर

हिमोग्लोबिन सात असताना सर्जननी तारीख द्यायला नकार दिला आणि ते योग्यच झाले. शिरेतून लोह दिले, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, आणि दोन महिन्यांत ते साडेदहावर आले. तोवर बागेतला माल गेला आणि खरड छाटणीच्या आधीची तारीख मिळाली. घरातले काम कधी हलके असते हे पाहून तारीख मागायला संकोच करू नये; कर्करोगाचा संशय नसेल तर काही आठवड्यांनी बहुधा बिघडत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे विश्रांती खरोखर मिळणार असेल तर उलट फायदाच होतो.

भूलतज्ज्ञांना भेटताना काही गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. या शस्त्रक्रियेत पोट वायूने फुगवतात आणि टेबल डोक्याकडून बरेच खाली झुकवतात, म्हणजे आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळे दिसते. त्या स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो, छातीवर भार येतो. म्हणून काचबिंदू, दमा, हृदयाचा आजार असेल तर तो लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधे, वैद्याकडचे काढे, मशेरीची सवय, हे सगळे सांगावे. मशेरीचे कोणी विचारत नाही आणि बायका सांगत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. उपाशी राहण्याची वेळ रुग्णालय सांगेल तीच पाळावी. साधारणपणे घन आहार सहा तास आधी थांबवतात आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे.

दागिने घरीच ठेवावेत. मंगळसूत्र काढायला मन घेत नाही, हे मला ठाऊक आहे. जोडवी तर सुजलेल्या बोटांतून निघतही नाहीत आणि आयत्या वेळी साबण लावत बसावे लागते. आदल्या रात्री घरीच, सवडीने काढावीत. नखांचा रंगही काढावा.

शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतर

पूर्ण भूल दिली जाते, त्यामुळे रुग्णाला यंत्र दिसतही नाही, फार तर आत नेताना प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेले त्याचे हात दिसतात. बाहेर बसलेल्यांनी वेळ मोजू नये. यंत्र जोडायला, सोडवायला आणि भूल उतरायला वेळ लागतो. आत नेल्यापासून चार तास झाले म्हणजे काही बिघडले, असे नव्हे.

शुद्धीवर आल्यावर भावजयीचा चेहरा आणि पापण्या सुजलेल्या होत्या. भाऊ घाबरला, पण शस्त्रक्रियेत डोके खाली असल्यामुळे असे होते आणि दिवसभरात उतरते. तिची पहिली तक्रार मात्र पोटाची नव्हती, उजव्या खांद्याची होती. पोटातील उरलेला वायू श्वासपटलाला चेतवतो आणि दुखणे खांद्यात उमटते. चालल्याने ते लवकर जाते. तिला त्याच संध्याकाळी धरून चार पावले चालवले, दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली, आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडले.

पुण्याहून सांगली सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. गाडीत पायांच्या शिरांत रक्त गोठू नये म्हणून साताऱ्याला आणि कराडला थांबून तिला पाच-पाच मिनिटे चालवले, वाटेत पाणी पाजत राहिलो, आणि पट्ट्याचा दाब पोटावर येऊ नये म्हणून मधे पातळ उशी ठेवली.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. तिच्या पोटावर एका ओळीत चार जखमा होत्या, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढी. शेजारची मावशी बघायला आली आणि म्हणाली, “एवढंसंच? मग आठ दिसांत हुबी राहशील की.” या वाक्याने जितके नुकसान होते तितके जखमेनेही होत नाही. बाहेर आठ मिलिमीटर कापले असले, तरी आत गर्भाशय सुटून गेलेले असते आणि योनीच्या वरच्या टोकाला टाके असतात. ते भरायला लागणारा काळ रोबोटने कमी होत नाही. हे टाके उसवण्याचा धोका दुर्बीण आणि रोबोटच्या शस्त्रक्रियेत योनिमार्गाने केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आढळला आहे. म्हणून सहा आठवडे कळशी, पोते, क्रेट, कडेवरचे नातवंड काहीही उचलायचे नाही, आणि किमान सहा ते आठ आठवडे, डॉक्टरांनी तपासून टाके भरल्याचे सांगेपर्यंत, शरीरसंबंध ठेवायचा नाही. हे नवऱ्याला डॉक्टरांनीच समोर बसवून सांगावे, अशी विनंती करावी; घरी परतल्यावर बाई हे बोलू शकत नाही.

बाराव्या दिवशी, कोणी नाही असे पाहून, भावजयीने बेदाण्याचा एक बॉक्स उचलून आत ठेवला. संध्याकाळी लाल रक्त दिसले. सांगलीतील डॉक्टरांनी तपासले तेव्हा टाके शाबूत होते, दोन दिवसांत रक्त थांबले, आणि त्यानंतर तिला कोणी सांगावे लागले नाही. थोडा तपकिरी किंवा गुलाबी स्राव काही आठवडे अधूनमधून जाणे साधे असते. पण तासाभरात पॅड भिजू लागला, ताप शंभरच्या वर गेला, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली आणि उलट्या लागल्या, एका पोटरीला सूज आली किंवा धाप लागली, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच जावे. पुण्याच्या डॉक्टरांना फोन वाटेत करावा. आणखी एक लक्षण बायका लाजेने सांगत नाहीत : नकळत सतत पाण्यासारखे ओले होणे. ते मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला इजा झाल्याचे असू शकते आणि कधीकधी आठ-दहा दिवसांनी दिसते, तेव्हा घरच्यांनीच विचारावे.

काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल आठ-दहा दिवसांत येतो, आणि तो न्यायला कितीतरी लोक येतच नाहीत. मी नोकरीला होते तिथल्या कपाटात अशा पाकिटांचा गठ्ठा साचायचा. तो आणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय शस्त्रक्रिया संपली असे धरू नये. डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेची सविस्तर नोंदही मागून घ्यावी, कारण पाच वर्षांनी दुसऱ्या गावातील डॉक्टर पोटावरचे चार ठिपके पाहून आत काय उरले आहे, हे ओळखू शकणार नाहीत. भावजयीच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी जाड पेनने लिहून ठेवले आहे : गर्भाशय आणि गर्भाशयमुख काढले, दोन्ही नलिका काढल्या, दोन्ही बीजांडकोश ठेवले, अहवाल साध्या गाठींचा. ती फाइल बागेच्या सातबाऱ्याबरोबर लोखंडी पेटीत आहे, आणि कोणत्या पेटीत आहे हे तिच्या दोन्ही मुलींना माहीत आहे.